तरुणांच्या नावाची जागा

13 मे 2019 रोजी फिलिपिन्समध्ये मतदान होते. त्याच्या आदल्या दिवशी रोनाल्ड कार्देमा यांनी निवडणूक आयोगाकडे एक अर्ज दिला. कार्देमा त्या वेळी राष्ट्रीय युवा आयोगाचे अध्यक्ष, म्हणजे राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांनी नेमलेले सरकारी पदाधिकारी. 'दुतेर्ते यूथ' या गटाच्या यादीतल्या उमेदवारांनी ऐन वेळी माघार घेतली होती, त्यांच्या पत्नीनेसुद्धा, आणि त्या जागी आता आपले नाव धरावे अशी त्यांची मागणी होती. अडचण वयाची होती. तरुणांच्या नावाने संसदेत जाणारा माणूस मतदानाच्या दिवशी किमान 25 आणि जास्तीत जास्त 30 वर्षांचा असावा, असे कायदा म्हणतो. कार्देमांनी तिशी केव्हाच ओलांडली होती. यावर त्यांनी असा खुलासा केला की आमचा गट नुसत्या तरुणांचा नाही, तरुण व्यावसायिकांचाही आहे, आणि व्यावसायिकांच्या प्रतिनिधीला वयाची मर्यादा नाही. गटाला साडेतीन लाखांवर मते पडली. आयोगाने पुढे कार्देमांची उमेदवारी रद्द केली, वाद वर्षभर रेंगाळला आणि 2020 च्या उत्तरार्धात त्या जागेवर त्यांच्या पत्नी येऊन बसल्या.

यात विनोद आहे, पण हसून सोडून देण्याजोगे हे प्रकरण नाही. तरुणांसाठी, मुलांसाठी, म्हणजे ज्यांच्या हाती सत्ता नाही अशांसाठी कायदेमंडळात जागा राखून ठेवायची म्हटले की पहिली भानगड हीच उभी राहते: त्या जागेवर बसणाऱ्याला विचारणारा कोण? तो तरुण असला म्हणजे तरुणांचा झाला, असे मानायचे का? फिलिपिन्सने या प्रश्नावर गेल्या पन्नास वर्षांत तीन वेगवेगळे प्रयोग केले आहेत. तिन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. वयाची अट आणि गटाचे नाव यांवर ही जागा तिच्या खऱ्या धन्याकडे राहत नाही. जिला त्या खुर्चीबाहेर स्वतःचे आयुष्य आहे, जी निवडणूक हरली तरी दुसऱ्या दिवशी कामाला लागते, अशी संघटना मागे असेल तरच ती राहते. 'काबाताआन' या युवक गटाचा इतिहास त्याचा पुरावा आहे. या गटाचे राजकारण सगळ्यांना पटेल असे नाही आणि त्याच्यावरचे आक्षेपही किरकोळ नाहीत. त्यांचा विचार पुढे केलाच आहे.

आधी यंत्रणा समजून घ्यावी लागेल. फर्दिनांद मार्कोस यांची राजवट 1986 मध्ये उलथल्यावर जी राज्यघटना 1987 साली आली, तिने प्रतिनिधिगृहातल्या एकूण जागांपैकी 20 टक्के जागा 'पार्टी-लिस्ट'साठी ठेवल्या. मतदार आपल्या मतदारसंघाच्या उमेदवाराला एक मत देतो आणि देशभरातल्या अशा गटांपैकी एकाला दुसरे. घटनेने सुरुवातीच्या तीन मुदतींसाठी यातल्या निम्म्या जागा कामगार, शेतकरी, शहरी गरीब, आदिवासी, स्त्रिया, तरुण अशा वर्गांना दिल्या होत्या. 1995 च्या कायद्याने तपशील ठरवला: 2 टक्के मते मिळाली की एक जागा हमखास, आणि कितीही मते मिळाली तरी तीनपेक्षा जास्त जागा नाहीत. त्या कायद्यात वर्गांची यादी आहे. तीत तरुण आहेत, वृद्ध आहेत, निवृत्त सैनिक आहेत, परदेशात राबणारे कामगार आहेत. मुले नाहीत. गंमत अशी की अवघ्या दोन-तीन वर्षांनी झालेल्या दारिद्र्य निर्मूलनाच्या कायद्याने राष्ट्रीय आयोगात चौदा वंचित वर्गांना स्थान दिले, तेव्हा 'मुले' हा वर्ग 'तरुण आणि विद्यार्थी' यांच्यापासून वेगळा धरला. म्हणजे मुलांचे प्रश्न निराळे असतात हे सरकारला ठाऊक होते. मते मोजायची वेळ आली तेव्हा मात्र ती गळली. 2020 च्या जनगणनेत पंधरा वर्षांखालची मुले लोकसंख्येच्या 30 टक्क्यांवर होती. मताधिकार अठराव्या वर्षी मिळतो. तेव्हा संसदेत मुलांच्या सर्वांत जवळ पोचणारा माणूस म्हणजे तरुणांचा प्रतिनिधी, आणि मुलांच्या कल्याणाची भाषा त्याच्याच तोंडून यायची, अशी ही रचना आहे.

आता पहिला प्रयोग. लष्करी कायदा लागू होऊन तीनेक वर्षे झाली होती तेव्हा, 1975 साली, मार्कोस यांनी 'काबाताआंग बारांगाय' स्थापन केले. बारांगाय म्हणजे प्रशासनाची सर्वांत खालची पायरी, गाव किंवा शहरातली वस्ती. प्रत्येक बारांगायमध्ये पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींची परिषद, तिच्यावर वरवरच्या पातळ्यांच्या परिषदा, आणि शिखरावर राष्ट्राध्यक्षांची कन्या इमी मार्कोस. कागदावर पाहिले तर तरुणांना एवढे व्यापक प्रतिनिधित्व त्या काळी फार थोड्या देशांत असेल. 31 ऑगस्ट 1977 रोजी मनिलातल्या एका खुल्या चर्चेत आर्किमिडीज त्राहानो या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने इमींना विचारले की या संघटनेच्या अध्यक्षपदी तुम्हीच का. त्याला तिथून उचलून नेण्यात आले. नंतर त्याचा मृतदेह सापडला. अंगावर छळाच्या खुणा होत्या. त्याच्या आईने अमेरिकेत दावा लावला आणि हवाईतल्या न्यायालयाने 1991 मध्ये इमी मार्कोस यांना या मृत्यूबद्दल जबाबदार धरून भरपाईचा हुकूम दिला. इमी आज सिनेटर आहेत आणि त्यांचे भाऊ राष्ट्राध्यक्ष. त्राहानोने कुठली घोषणा दिली नव्हती. ही जागा कोणी दिली आणि ती कोणाला बांधील आहे, एवढेच त्याने विचारले होते, आणि राजवटीला नेमका तोच प्रश्न झोंबला.

दुसरा प्रयोग लोकशाहीतला. 1991 च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने जुनी संस्था मोडून 'सांगुनियांग काबाताआन', म्हणजे युवा परिषद आणली. मतदान खरे, परिषद खरी, आणि पैसाही खरा: बारांगायच्या सर्वसाधारण निधीतला 10 टक्के हिस्सा तिच्याकडे जातो. मग व्हायचे ते झाले. महापौरांचा मुलगा, बारांगायच्या कप्तानाची पुतणी, नगरसेवकाचा भाचा यांनी घराण्याच्या पेढीवर उमेदवारी करायला सुरुवात केली, निधी बास्केटबॉलच्या स्पर्धांवर आणि कमानींवर खर्च होऊ लागला, आणि परिषदेच्या निवडणुका वारंवार पुढे ढकलल्या गेल्या. 2016 मध्ये कायदा सुधारला. पदाधिकाऱ्याचे वय 18 ते 24 केले, आणि सत्तेत असलेल्या लोकप्रतिनिधीच्या जवळच्या नातलगाला उभे राहण्यास बंदी घातली. 1987 च्या घटनेत घराणेशाहीला मनाई आहे, पण तिची अंमलबजावणी करणारा कायदा संसदेने करायचा आणि संसद घराण्यांनी भरलेली. त्यामुळे ती मनाई प्रत्यक्षात आली ती फक्त अठरा-वीस वर्षांच्या पोरांसाठी. थोरांनी आपल्याला न लावलेला नियम धाकट्यांना लावला. तरीही सुधारणा चांगलीच होती, यात शंका नाही. पण तिने नातलग वगळले. मुलांना विचारणारी, हिशेब मागणारी संघटना काही कायद्याने उभी राहत नाही.

पार्टी-लिस्ट हा तिसरा प्रयोग, आणि त्याचीही तीच गत होत आली आहे. माजी राष्ट्राध्यक्षा ग्लोरिया आरोयो यांचे चिरंजीव मिकी आरोयो 2010 मध्ये सुरक्षा रक्षक आणि तीनचाकी चालक यांचे प्रतिनिधी म्हणून संसदेत गेले, हे उदाहरण फिलिपिन्समध्ये आजही सांगितले जाते. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दार आणखी उघडले: पार्टी-लिस्टमध्ये येणाऱ्या प्रत्येक गटाने वंचितांचाच असायला हवे असे नाही, असा निर्णय दिला. 2025 च्या निवडणुकीत 156 गट होते. 'कोन्त्रा दाया' या निवडणुकांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या अभ्यासानुसार त्यांतले 86 गट राजकीय घराणी, मोठे उद्योग, लष्कर-पोलीस यांच्याशी जोडलेले किंवा अन्य कारणांनी संशयास्पद होते. संस्थेचा कल डावीकडे आहे हे धरून आकडा थोडा कमी केला, तरी चित्र फारसे बदलत नाही.

या गर्दीत काबाताआन कुठे बसतो? गटाची स्थापना 19 जून 2001 ची, म्हणजे राष्ट्रीय नायक होसे रिसालच्या जयंतीची. त्याच वर्षी जानेवारीत रस्त्यावरच्या आंदोलनाने राष्ट्राध्यक्ष एस्त्रादा यांना जावे लागले होते आणि त्या गर्दीत विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. गट नव्याने जन्मला तरी त्याच्यामागे जुनी जाळी होती: विद्यार्थी परिषदांचा राष्ट्रीय संघ, महाविद्यालयीन वृत्तपत्रांच्या संपादकांची संघटना (ही तर 1931 पासूनची), डाव्या विचारांच्या विद्यार्थी संघटना. 2004 मध्ये 'आनाक नांग बायान' या नावाने लढून हार पत्करली. 2007 मध्ये काबाताआन म्हणून लढले, 2 टक्क्यांची रेघ गाठता आली नाही. एप्रिल 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या जागा भरण्यासाठी ती रेघ आड येऊ नये असा निकाल दिला आणि रेमंड पालातिनो संसदेत गेले. त्यांच्यानंतर 2013 मध्ये टेरी रिदोन, 2016 पासून दोन मुदती सारा एलागो, 2022 मध्ये राऊल मॅन्युएल आणि 2025 मध्ये वकील रेने को.

या नावांच्या क्रमाकडे जरा थांबून पाहायला हवे. सोळा-सतरा वर्षांत पाच माणसे, आणि कोणाचेही कोणाशी नाते नाही. वयाच्या अटीमुळे इथे कोणालाही मुरता येत नाही. तिशी उलटली की मुदत संपताच उठावे लागते. इतर गटांत ही अट अडचण ठरते, कारण खुर्ची माणसाची असते आणि माणूस म्हातारा होतो. काबाताआनमध्ये ती पचली, कारण खुर्चीवर पाठवायला आणि तिथून परत बोलवायला एक संघटना होती. रिदोन पुढे वेगळ्या वाटेने गेले. 2025 मध्ये ते 'बिकोल सारो' या दुसऱ्याच गटाकडून संसदेत आले. त्यांच्यामागून गटाची जागा काही गेली नाही. कार्देमांच्या गटात हे शक्यच नव्हते. तिथे उमेदवार बाजूला झाला की जागा स्वयंपाकघरापर्यंतच जात होती.

आता कामाचे बोलू, कारण 'तीनशेवर सदस्यांच्या सभागृहात एक मत काय करणार' हा आक्षेप सर्वांत आधी येतो, आणि तो आकड्यांच्या हिशेबात बरोबर आहे. काबाताआनने एकट्याने मंजूर करून घेतला असा एकही मोठा कायदा दाखवता येत नाही. 2017 मध्ये सरकारी विद्यापीठांतले शिक्षण शुल्कमुक्त करणारा कायदा झाला, त्याचे श्रेय घेणारे डझनभर लोक आहेत आणि त्यात गैर काही नाही. पण तो कायदा होण्याआधी चार वर्षे, मार्च 2013 मध्ये, फिलिपिन्स विद्यापीठाच्या मनिला शाखेतल्या सोळा वर्षांच्या एका विद्यार्थिनीने आत्महत्या केली होती. फी थकल्यामुळे तिला सक्तीच्या रजेवर जावे लागले होते. एखाद्या जीवघेण्या निर्णयामागचे कारण असे एका ओळीत सांगू नये, हे खरेच. त्या मृत्यूने देश हादरला आणि फी भरण्याचे नियम विद्यापीठाला बदलावे लागले, हेही तितकेच खरे. ती बातमी आठवडाभरात विरली नाही, कारण तिला धरून बसणारे लोक वर्गांतही होते आणि सभागृहातही. 'गरीब मुलांना शिष्यवृत्ती द्या' इथपासून 'सरकारी विद्यापीठात फी का घ्यावी' इथपर्यंत चर्चा सरकली, ती चार वर्षांत अशी सरकली.

दुसरे उदाहरण लहान आहे, पण मुलांच्या कल्याणाची गोष्ट नेमकी कुठे अडते हे त्यातून दिसते. फिलिपिन्समध्ये परीक्षेच्या आधी विद्यार्थ्याला एक परवाना-चिठ्ठी मिळते. फी भरल्याचा शिक्का पडला की चिठ्ठी, चिठ्ठी दाखवली की प्रश्नपत्रिका. फी थकलेली असेल तर मूल दाराबाहेर. या प्रथेविरुद्ध विद्यार्थी संघटना कित्येक वर्षे ओरडत होत्या. मार्च 2024 मध्ये ती बेकायदा ठरवणारा कायदा झाला, शाळा आणि महाविद्यालये दोन्हींना लागू. मात्र कायद्याचा लाभ 'वंचित विद्यार्थ्याला', आणि तो वंचित असल्याचा दाखला नगरपालिकेच्या किंवा प्रांताच्या समाजकल्याण अधिकाऱ्याने द्यायचा. म्हणजे एका चिठ्ठीच्या जागी दुसरी चिठ्ठी आली. दाखल्यासाठी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरलेल्या मराठी पालकाला याचा अर्थ वेगळा सांगायला नको. शंभर मुलांपैकी किती जण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तो दाखला मिळवू शकतील, हे विचारायला कायदा झाल्यानंतरही कोणीतरी मागे लागावे लागते. मंत्र्याचे काम सही झाली तिथे संपते, संघटनेचे तिथून पुढे सुरू होते.

पण या जागेची खरी किंमत, माझ्या मते, जे होऊ दिले नाही त्यात आहे. 2006 पर्यंत फिलिपिन्समध्ये नऊ वर्षांवरच्या मुलाला समज होती असे ठरले तर गुन्ह्यासाठी जबाबदार धरता येत होते. त्या वर्षी सिनेटर फ्रान्सिस पांगिलिनान यांच्या पुढाकाराने झालेल्या कायद्याने ही वयोमर्यादा पंधरावर नेली. दुतेर्ते सत्तेवर आले तेव्हा त्यांना हा कायदा मोडायचाच होता. टोळ्या पोरांकडून अमली पदार्थ पोचवतात, कारण पोरांना शिक्षा नाही, असे ते सांगत. 16 ऑगस्ट 2017 च्या रात्री कालोओकान शहरात पोलिसांनी कियान देलोस सांतोस या सतरा वर्षांच्या मुलाला ओढत नेले आणि गोळ्या घातल्या. उद्या आपली परीक्षा आहे असे तो विनवत होता, अशी साक्ष लोकांनी दिली. पोलीस म्हणत होते की त्याने गोळीबार केला. गल्लीतल्या कॅमेऱ्याने दाखवले की दोघे त्याला धरून नेत आहेत. नोव्हेंबर 2018 मध्ये तिघा पोलिसांना खुनाबद्दल शिक्षा झाली. छळविरोधी जागतिक संघटनेने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात 2016 च्या जुलैपासून 2019 अखेरपर्यंत मारल्या गेलेल्या किमान 122 मुलांची नोंद आहे. अशा वातावरणात, कियानच्या खुन्यांना शिक्षा होऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, जानेवारी 2019 मध्ये संसदीय समितीने वयोमर्यादा पुन्हा नऊ वर्षांवर आणणारे विधेयक मंजूर केले. देशभर गदारोळ झाला, तेव्हा नऊचे बारा झाले. 28 जानेवारीला प्रतिनिधिगृहाने ते 146 विरुद्ध 34 मतांनी संमत केले. विरोधातल्या 34 मतांत काबाताआन आणि 'माकाबायान' या त्यांच्या डाव्या आघाडीची मते होती. बाहेर बालहक्क संस्था, युनिसेफ, चर्च होते. विरोधक सभागृहात हरले, पण समितीतून बाहेर येता येता विधेयक बदलले आणि सिनेटमध्ये ते अडकले ते अडकलेच. चौतीस मतांनी विधेयक थांबत नसते. पण सभागृहात विरोधाचे प्रश्न विचारणारा कोणी नसता, तर सिनेटवर बाहेरून दडपण आणायला आधार मिळाला नसता. जुलै 2025 मध्ये सिनेटर रॉबिन पाडिया यांनी अघोर गुन्ह्यांसाठी वय दहावर आणण्याचे नवे विधेयक दिले आहे, म्हणजे ही लढाई दर काही वर्षांनी पुन्हा लढावी लागणार.

आणखी एक गोष्ट पैशाची. दुतेर्ते यांची कन्या सारा दुतेर्ते 2022 मध्ये उपराष्ट्राध्यक्ष आणि शिक्षणमंत्री अशा दोन्ही पदांवर होत्या. साराबाईंनी दोन्ही कार्यालयांसाठी गोपनीय निधी मागितला: हिशेब जाहीर करावा लागत नाही असा पैसा, एरवी गुप्तवार्ता आणि सुरक्षेच्या खात्यांना मिळणारा. शिक्षण खात्याला 15 कोटी पेसो. ज्या देशाची पंधरा वर्षांची मुले 2018 च्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत वाचनात 79 देशांत तळाला होती, आणि जिथल्या शाळा महासाथीत जगात सर्वांत जास्त काळ बंद राहिलेल्यांपैकी होत्या, त्या देशाच्या शिक्षण खात्याला हा निधी कशाला? हा प्रश्न अर्थसंकल्पाच्या चर्चेत विचारायचा, तर उपराष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाला प्रश्न न विचारण्याची 'संसदीय सौजन्या'ची प्रथा आड आली. ऑगस्ट 2023 मध्ये समितीने ती सुनावणी अर्ध्या तासाच्या आत गुंडाळली. मॅन्युएल आणि शिक्षक-गटाच्या फ्रान्स कास्त्रो हटून बसले. 2022 च्या डिसेंबरमध्ये उपराष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने 12 कोटी 50 लाख पेसो अकरा दिवसांत खर्च केल्याचे बाहेर आले, पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पातून दोन्ही कार्यालयांचा गोपनीय निधी गेला, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये प्रतिनिधिगृहाने उपराष्ट्राध्यक्षांवर महाभियोग दाखल केला. तोवर मार्कोस आणि दुतेर्ते घराण्यांत फाटले होते, त्यामुळे 215 सह्या झाल्या. घराण्यांचे सूत जुळलेले होते तेव्हा हा प्रश्न विचारणारे चार-दोनच होते, आणि ते कुठल्या घराण्याचे नव्हते.

आता आक्षेप. पहिला मतांचा. 2019 मध्ये काबाताआनला दोन लाखांहून थोडी कमी मते मिळाली, 2022 मध्ये 5 लाख 36 हजारांच्या घरात, 2025 मध्ये पुन्हा तीन लाखांच्या वर. तिन्ही वेळा दुतेर्ते यूथला जास्त मते होती. 2025 मध्ये तर 23 लाखांवर, देशात दुसरा क्रमांक. मग तरुणांचा खरा प्रतिनिधी कोण? हे मत तरुणांचे नसते, सगळ्या वयाच्या मतदारांचे असते, हे एक उत्तर आहे, पण मला ते पुरेसे वाटत नाही. दुतेर्तेंना मानणारे तरुण लाखांनी आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. मार्च 2025 मध्ये दुतेर्तेंना अटक करून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे नेले, त्यानंतर त्या भावनेला जोरच आला. माझे म्हणणे इतकेच की कोणाच्या बाजूने किती मते पडली हे मोजायला मतदारसंघांच्या चार पंचमांश जागा आहेत. ही एक पंचमांश वेगळी काढली ती, जे तिथे पोचू शकत नाहीत त्यांच्यासाठी. एखाद्या नेत्याच्या लोकप्रियतेवर तरुणांचा शिक्का मारून ती जागा घ्यायची असेल, तर वेगळी काढण्याचे कारणच उरत नाही. दुतेर्ते यूथची नोंदणी निवडणूक आयोगाच्या पीठाने जून 2025 मध्ये रद्द केली आणि पूर्ण आयोगाने ऑगस्टमध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. कारण असे की 2019 मध्ये नोंदणी करताना अर्ज वृत्तपत्रांत प्रसिद्ध करणे आणि सुनावणी होणे या कायद्याच्या अटी पाळल्याच नव्हत्या. काही तरुणांनी याविरुद्धचा अर्ज 2019 मध्येच दिला होता. निकालाला सहा वर्षे लागली आणि मधल्या काळात गट दोन मुदती उपभोगून बसला, हे आयोगाला शोभणारे नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. काबाताआन ज्या 'राष्ट्रीय लोकशाही' प्रवाहातला आहे, त्याची वैचारिक मुळे आणि 1969 पासून सशस्त्र लढा देणाऱ्या कम्युनिस्ट गनिमांची मुळे एकाच मातीतली आहेत. या प्रवाहातली काही विद्यार्थी मुले डोंगरात गेली आणि चकमकींत मेली. सरकार म्हणते की हा गट म्हणजे भरतीचे केंद्र. गट ते नाकारतो. 2019 मध्ये सिनेटच्या सुनावण्यांत आयांनी रडत सांगितले की आमच्या मुली पळवल्या. त्यांतले एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, एलागो यांनाच प्रतिवादी करून. सप्टेंबर 2020 मध्ये न्यायालयाने आईबापांची याचिका फेटाळली: मुलगी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने गेली आहे, तिला कोणी डांबलेले नाही. आईबापांचे दुःख खोटे नव्हते, पण एकोणीस वर्षांच्या मुलीला मत देण्याइतकी अक्कल आहे आणि आंदोलनात जाण्याइतकी नाही, असे कायद्याला म्हणता येईना. पुढे दुसऱ्या एका खटल्यात याच न्यायालयाने सांगितले की एखाद्यावर कम्युनिस्ट असल्याचा शिक्का मारणे हा त्याच्या जीविताला आणि सुरक्षिततेला धोका आहे. तरीही मी इथे एक गोष्ट गटाच्या विरोधात नोंदवेन. सशस्त्र मार्गाबद्दल त्यांची सार्वजनिक भाषा नेहमी सरकारला दोष देते. गनिमांच्या हिंसेबद्दल ती तितकी स्पष्ट होत नाही. मुलांच्या वतीने बोलणाऱ्याकडून ती स्पष्टता मागण्याचा हक्क आईबापांना आहे.

तिसरा आक्षेप मुलांचा. 2018 मध्ये मिंदानाओतल्या तालाइंगोद इथून लुमाद आदिवासी मुलांना रात्री गाडीतून नेल्याबद्दल कास्त्रो आणि माजी खासदार सातुर ओकाम्पो यांच्यासह तेरा जणांना जुलै 2024 मध्ये तागुमच्या न्यायालयाने दोषी धरले, तेही मुलांना संरक्षण देणाऱ्या 1992 च्या कायद्याखाली. त्यांचे म्हणणे, शाळा बंद पाडली म्हणून मुलांना सोडवत होतो. न्यायालयाचे, मुलांना धोक्यात घातले. त्यांनी अपील केले. निकाल काहीही लागो, यातून एक फट दिसते. ज्या मुलांवरून खटला चालला त्यांच्या बाजूने बोलणारे सगळे प्रौढ होते: लष्कर, शिक्षक, खासदार, फिर्यादी. विद्यापीठातून घडलेला पंचवीस वर्षांचा वकील नऊ वर्षांच्या लुमाद मुलाचा प्रतिनिधी आपोआप होत नाही. काबाताआनचे बरेचसे बळ फी, परीक्षा, विद्यापीठाचे स्वातंत्र्य, सक्तीचे लष्करी शिक्षण अशा विषयांवर खर्च होते. पाच वर्षांखालच्या चार मुलांमागे एकाची वाढ खुंटलेली आहे, तो विषय त्या मानाने मागे राहतो. पोट भरत नसलेल्या दोन वर्षांच्या मुलाला विद्यार्थी परिषद नसते.

म्हणून सुधारणा करायचीच तर तीन जागी करावी लागेल. पहिली, वयाची आणि नोंदणीची तपासणी मतदानापूर्वी पुरी व्हावी आणि आदल्या दिवशी यादी बदलण्याची सोय बंद व्हावी. दुसरी, वर्गाच्या नावाने उभ्या राहणाऱ्या गटाने निवडणुकीआधीच्या काही वर्षांचे काम, सभासद आणि पदाधिकारी निवडण्याची पद्धत कागदावर दाखवावी. हा निकष काबाताआनलाही लागू व्हावा आणि त्याच्या विरोधकांनाही. तिसरी, मुलांना वेगळा वर्ग मानण्याची 1990 च्या दशकातली ती तरतूद दारिद्र्य आयोगापुरती न ठेवता, अर्थसंकल्पाच्या सुनावणीत बालसंस्थांचे म्हणणे नोंदवून घेणे समित्यांवर बंधनकारक करावे. पहिल्या दोन्हींसाठी निवडणूक आयोगाला नवा कायदा लागेलच असे नाही, बरेचसे नियमांत होऊ शकते. तिसरीला लागेल, आणि तो कायदा करायचा आहे त्या सभागृहाने, जिथे पार्टी-लिस्टच्या बहुसंख्य जागांवर आज घराण्यांची आणि धंद्यांची माणसे बसली आहेत. नोव्हेंबर 2026 मध्ये युवा परिषदेच्या निवडणुका व्हायच्या आहेत. 2016 ची नातलगबंदी तिथे किती पाळली जाते, त्यावरून या सभागृहाकडून काय अपेक्षा ठेवायची त्याचा अंदाज येईल.